यादीतला पहिला नंबर

दोष द्यायचाच असेल तर तो पाण्याच्या पंपाला द्यावा. माणसाला दिला की तो भांडायला येतो, पंप बिचारा गप्प ऐकून घेतो. एप्रिलच्या ऐन उन्हात चऱ्होलीच्या ‘सोनचाफा रेसिडेन्सी’चा पंप गळायला लागला. आतलं एक रबरी सील गेलं होतं, बांगडीएवढं. ते भोसरीत मिळालं नाही, पिंपरीत मिळालं नाही, आणि ज्या एका दुकानात मिळणार होतं त्याचा मालक मुलीच्या लग्नासाठी गावी गेला होता. बांगडीएवढ्या रबरापायी अठ्ठावीस फ्लॅट चार दिवस टँकरवर जगले. पाचव्या दिवशी लोकांनी आंघोळीविनाच मीटिंग भरवली आणि एकमताने ठराव केला, की यापुढे सोसायटीने आपले सुटे भाग आपणच बाळगायचे.

आता कोणते बाळगायचे, हे ठरवणार कोण? अध्यक्ष नवनाथ शेळके याने इकडेतिकडे न बघता सातव्या मजल्यावरच्या साहेबराव ओव्हाळांकडे बोट दाखवलं. साहेबराव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी खिशाला दोन पेनं असायचीच. निळं लिहायला आणि लाल खोडायला.

“काका, तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार, सांगा बरं?” नवनाथ म्हणाला. नवनाथ चाकणला एका कंपनीत सुपरवायझर. माणूस कामाचा, कोणाच्याही हाकेला धावणारा, पण चारचौघांना हसवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

साहेबराव “बघतो” एवढंच म्हणाले, पण लिफ्टमधून वर जाताना त्यांनी आरशात बघून शर्टाची कॉलर नीट केली. तीन वर्षं त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. ज्या माणसाला विचारल्याशिवाय कारखान्यात एक बेअरिंग हलत नव्हतं, त्याला आता फार तर दूध किती घ्यायचं एवढंच विचारलं जाई, आणि त्याचंही उत्तर ठरलेलंच.

घरी केसरबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. दीड वर्षापूर्वी त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. सकाळी साडेसातला लिफ्टने खाली, आठला रिक्षा, दुपारी परत. दिवसाला मोजून तीन पेले पाणी. ओव्हाळांच्या घरात कॅलेंडरवर बाकीचे वार होते, पण खरे वार तीनच.

“मला स्टोअर दिलंय,” साहेबरावांनी सांगितलं.

“द्या म्हणावं,” केसरबाई म्हणाल्या. त्या लातूरकडच्या. “घरात बसून माझ्या पेल्यातलं पाणी मोजायलाव, त्यापरीस तिथं नट मोजा.”

स्टोअरसाठी जागा मिळाली ती दुसऱ्या लिफ्टची. बिल्डरने माहितीपत्रकात दोन लिफ्ट दाखवल्या होत्या, बसवली एक. दुसरीसाठी सात मजले उभी पोकळी तेवढी ठेवून तो पुढच्या प्लॉटवर गेला. त्या पोकळीच्या तळाशी फरशी टाकून शटर लावलं, आत लोखंडी रॅक उभं केलं आणि झालं स्टोअर. आत उभं राहून वर बघितलं की सात मजल्यांचा अंधार दिसायचा. साहेबराव वर बघत नसत. रॅकमध्ये चाळीस कप्पे बसत होते, म्हणून यादी चाळीस वस्तूंची ठरली. एक्केचाळिसावी आली तर एक जाणार.

त्यांनी लाल बांधणीचं रजिस्टर आणलं, प्रत्येक कप्प्याला टांगायला कार्डं कापली, वस्तू बाहेर द्यायच्या चिठ्ठ्यांचं बुक छापून घेतलं. पहिल्या पानावर त्यांनी तीन प्रश्न लिहिले. ही वस्तू गेल्या तीन वर्षांत किती वेळा लागली? बाजारात मिळायला किती दिवस लागतात? नसली तर काय अडतं? कारखान्यात या तीन प्रश्नांवर त्यांनी मोठमोठ्या इंजिनिअरांची तोंडं बंद केली होती. इथे मात्र पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली, कारण सोसायटीची जुनी बिलं कुठे आहेत ते कोणालाच माहीत नव्हतं. शोधता शोधता ती नवनाथच्या गाडीच्या डिकीत सापडली, स्टेपनीखाली, आणि वर कधीतरी सांडलेल्या उसाच्या रसाने एकमेकांना चिकटलेली. साहेबरावांनी आठ दिवस बसून एकेक बिल वाफेवर सोडवलं. केसरबाई म्हणाल्या, एवढ्या मायेनं कधी भाजी निवडली नाही तुम्ही.

मग सुरू झाले सल्ले. सोसायटीत कोणी आजारी पडलं तर औषध सांगणारे दहा निघतात, इथे तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस फ्लॅटमधली माणसं मोकळी होती.

पहिले आले ज्योतीराम अण्णा तापकीर. ज्या जमिनीवर सोनचाफा उभी होती ती जमीन अण्णांची. त्या बदल्यात पहिल्या मजल्यावरचे चारही फ्लॅट त्यांचे, आणि जिन्याखालची खुर्चीही त्यांचीच. “आवं साहेबराव, सुटं सुटं काय गोळा करताय? आख्खी मोटरच आणून ठिवा. आमी हिरीवर दोन इंजनं ठेवायचो. येक चालायचं, येक नुसतं बघत बसायचं.”

“अण्णा, बघत बसणाऱ्या मालालाच आम्ही नॉन-मूव्हिंग म्हणतो. तीन वर्षं हललं नाही की भंगारात.”

“मंग आमी बी भंगारातच म्हना की!” अण्णा खुर्चीवर रेलून हसले.

दुसऱ्या मजल्यावरच्या मिनलताई सांस्कृतिक समितीच्या. त्यांचं म्हणणं, झेंड्याच्या खांबाची कप्पी आणि दोरी आधी घ्या. गेल्या पंधरा ऑगस्टला जुनी कप्पी गंजून झेंडा अर्ध्यावर अडकला होता, आणि रस्त्यावरून जाणारे दोघे ‘कोण गेलं?’ म्हणून विचारायला आत आले होते. साहेबरावांनी नोंद केली. वर्षातून दोनदा वापर, तीन वर्षांत सहा वेळा. नियमात चोख बसत होती.

काहींनी सल्ल्यासोबत मालही आणला. ‘असू द्या काका, कधीतरी लागेल,’ म्हणत लोक घरातली अडगळ आणून टाकू लागले. पंधरवड्यात साहेबरावांकडे नऊ फ्लशच्या टाक्या जमल्या, त्यांतली एकही अख्खी नव्हती. एक ट्रेडमिल आली, ती कोणाची हे आजतागायत कळलेलं नाही. साहेबरावांनी प्रत्येकाला देणगीची पावती दिली, कारण कागदाशिवाय माल आत येत नाही.

जे विकत घ्यायचं त्याचा वेगळाच ताप. कमिटीचा नियम होता, प्रत्येक वस्तूला तीन दुकानांची कोटेशनं, तीही लेटरहेडवर. नळाच्या वायसरसाठी साहेबराव भर उन्हात भोसरीत तीन दुकानं हिंडले. पहिल्या दोघांनी हाकलून दिलं. तिसऱ्याने मात्र शांतपणे लेटरहेड काढलं, ‘वायसर, नग एक’ असं लिहून शिक्का मारला, आणि कागद हातात देताना हळूच विचारलं, “काका, घरी सगळं ठीक आहे ना?” त्या दिवशी साहेबराव जेवले नाहीत.

लिफ्टची देखभाल करणारा ज्ञानेश महिन्यातून एकदा यायचा. तेलाने काळी झालेली बोटं पुसत तो स्टोअरच्या दारात टेकला आणि म्हणाला, “काका, बाकी काहीही ठेवा नाहीतर ठेवू नका. लिफ्टच्या ब्रेकची कॉइल एक ठेवा. ती जळली तर ब्रेक सुटत नाही, लिफ्ट जागची हलत नाही. आणि ही लिफ्ट बनवणारी कंपनीच बंद पडलीय. कॉइल बाहेरून बनवून घ्यायची म्हटलं तर दहा दिवस धरा.”

“आत्तापर्यंत कधी जळली?”

“अजून तरी नाही. सहा वर्षं झाली. म्हणूनच भीती वाटते.”

साहेबरावांनी तीन प्रश्न लावले. किती वेळा लागली? शून्य. किती दिवस? दहा. नसली तर काय अडतं? इथे त्यांचं निळं पेन थांबलं. सातव्या मजल्यावरचे तीन वार त्यांच्या डोळ्यांसमोर आले. त्यांनी यादीतल्या पहिल्या नंबरावर लिहिलं, ‘लिफ्ट ब्रेक कॉइल, नग एक.’ आणि हे योग्यच होतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे काय झालं ते ऐकताना तुम्ही विसराल म्हणून.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग भरली. नवनाथ यादी वाचायला उभा राहिला. पहिला नंबर वाचला आणि त्याच्यातला हसवणारा जागा झाला.

“लिफ्टची कॉइल एक नंबरला! वा काका, काकूंची सोय झाली म्हणायची!”

लोक हसले. त्यात विष नव्हतं हो, शपथेवर सांगतो. वडापावची वाट बघत बसलेली माणसं कशालाही हसतात. पण साहेबराव हसले नाहीत. ‘सोय’ हा शब्द त्यांच्या कानात शिरला आणि तिथेच बसून राहिला.

त्याचं कारण जुनं होतं. कारखान्यात लागले त्या पहिल्या महिन्यापासून सुटताना गेटवर सगळ्यांचे डबे उघडून बघत. बाकीच्यांचा डबा एकदा उघडायचा. ओव्हाळ हे आडनाव वाचलं की तपासणाऱ्याचा हात परत डब्याकडे वळायचा. कोणी काही बोलत नसे, नुसता हात वळायचा. साहेबरावांनीही कधी तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनी फक्त एवढं केलं, की चौतीस वर्षांत त्या डब्यात भाकरीच्या चुऱ्याशिवाय काही सापडू दिलं नाही. घरच्या कपाटाचा स्क्रू हरवला तर कपाट तसंच लुळं ठेवलं, पण स्टोअरमधला स्क्रू घरी आणला नाही. तीच त्यांची कमाई होती, आणि आता पार्किंगमध्ये, वडापावच्या आधी, कोणीतरी त्यांचा डबा दुसऱ्यांदा उघडला होता.

ते उठले. नवनाथच्या हातातून यादी घेतली, खिशातून लाल पेन काढलं आणि पहिल्या ओळीवर सरळ रेघ मारली.

“सहा वर्षांत एकदाही लागली नाही. नॉन-मूव्हिंग. नियमात बसत नाही.”

“अहो काका, मी गंमत केली!” नवनाथ गडबडला. “राहू द्या ना.”

“ऱ्हाऊ द्या की वं,” अण्णासुद्धा म्हणाले, “म्हातारीला लागंल.”

अण्णांनी मायेने म्हटलं, पण त्या वाक्याने उरलंसुरलं दारही बंद झालं. “कोणाला लागेल हा प्रश्नच नाही, अण्णा. स्टोअरमध्ये माणूस बघत नाहीत, आकडा बघतात.” आणि त्यांनी दोन नंबरची वस्तू वर घेतली. यादीत पहिला नंबर लागला झेंड्याच्या कप्पीचा, सोबत सुटी दोरी अठरा फूट. मिनलताईंनी टाळ्या वाजवल्या.

रात्री जेवताना केसरबाईंनी विचारलं, “ती लिफ्टची वस्तू घेतली का?”

“नियमात बसत नाही.”

केसरबाईंनी घास तसाच ताटात ठेवला. “आणि मी कशात बसते?”

साहेबरावांनी भाजी वाढून घेतली. खरं तर त्यांचा जीव तुटत होता. स्वतःच्या पैशाने कॉइल आणून पलंगाखाली ठेवावी, असंही मनात आलं. पण सोसायटीच्या लिफ्टचा भाग ओव्हाळांच्या पलंगाखाली? उद्या कोणी बघितला तर? त्यांनी तो विचार सोडून दिला.

नशीबसुद्धा कधी कधी दुसऱ्यांदा दार वाजवतं. जुलैमध्ये ज्ञानेश एका पिशवीत काहीतरी जड घेऊन आला. चाकणला एक कंपनी बंद पडली होती, तिथली अशाच जातीची लिफ्ट उतरवताना कॉइल निघाली होती. चांगली होती, त्याने तपासून बघितली होती.

“घेऊन ठेवा काका. माझ्या ओळखीवर मिळालीय.”

“बिल?”

“भंगाराचं कसलं बिल?”

“मग आत येणार नाही.”

“बरं, मी देणगी देतो. नऊ फुटक्या टाक्या घेतल्यात ना देणगीत?”

“तू देखभालीचा ठेकेदार. ठेकेदाराकडून देणगी घेतली तर लोक काय म्हणतील?”

ज्ञानेशने त्यांच्याकडे बघितलं, ट्रेडमिलकडे बघितलं आणि पिशवी उचलून चालता झाला. चार दिवसांनी ती कॉइल मोशीच्या एका सोसायटीने घेतली. त्यांच्याकडे स्टोअर नव्हतं, रजिस्टर नव्हतं. सेक्रेटरीने ती आपल्या बाल्कनीत जुन्या पायपुसण्यात गुंडाळून ठेवली.

पंधरा ऑगस्टला झेंडा सर्रकन वर गेला. मिनलताईंनी माइकवरून साहेबरावांचं नाव घेतलं. केसरबाई सातव्या मजल्यावरच्या खिडकीतून बघत होत्या. साहेबरावांनी वर बघून हात केला. त्या दिवसाएवढे खुश ते निवृत्तीनंतर कधी झाले नव्हते.

पुढच्याच आठवड्यात, सोमवारी सकाळी सातला, जिन्यात जळक्या रबराचा वास आला. लिफ्ट चौथ्या मजल्यावर उभी होती, आत कोणी नव्हतं एवढंच बरं. ज्ञानेश अर्ध्या तासात आला, वर मशीनरूममध्ये जाऊन आला, आणि साहेबरावांच्या दारात उभा राहिला. “कॉइल,” तो म्हणाला.

“मोशीवाले देतील का?” साहेबरावांनी विचारलं.

“त्यांची परवाच जळली काका. ठेवलेली ती लागलीसुद्धा.”

साडेआठला केसरबाईंना मशीनवर घ्यायचं होतं. नवनाथची दुसरी शिफ्ट होती, तो धावत वर आला. ज्ञानेश, वॉचमन आणि चौथ्या मजल्यावरचा एक दणकट गडी असे चौघे जमले. केसरबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायचं आणि खुर्ची उचलून न्यायची असं ठरलं. ज्ञानेश म्हणाला, बांधायला दोरी पाहिजे, जिन्यात तोल गेला तर घसरतील.

दोरी स्टोअरमध्ये होती. पहिल्या कप्प्यात, अठरा फूट. साहेबराव सात मजले उतरून गेले, दोरी काढली, आणि कोणाचा विश्वास बसणार नाही, पण तिथे उभं राहून त्यांनी चिठ्ठी फाडली. वस्तू, दोरी. माप, अठरा फूट. काम, पेशंट नेणे. मग सात मजले चढून ते धापा टाकत वर आले आणि चिठ्ठी केसरबाईंपुढे धरली. घेणाऱ्याची सही लागते.

केसरबाईंनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर. “परत करीन हो तुमची दोरी,” त्या म्हणाल्या. “घेऊन नाही जायची.”

खुर्ची निघाली. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती आणि प्रत्येक दारातून सल्ला येत होता. तोंड जिन्याकडे करा. नको, पाठ करा, चक्कर येत नाही. चादरीत घ्या. तिसऱ्या मजल्यावर वॉचमनचा पाय घसरला आणि सगळ्यांच्या तोंडून एकदमच किंकाळी निघाली. पहिल्या मजल्यावर अण्णा हात जोडून उभे होते. केसरबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. बाईने आयुष्यभर कोणाला अंगाला हात लावू दिला नव्हता, आणि आता चार पुरुष तिला फ्रीजसारखी उतरवत होते.

दुपारी हॉस्पिटलमध्ये मुलीचा, मैत्रीचा फोन आला. ती पिंपळे सौदागरला राहायची, तिच्या बिल्डिंगला दोन लिफ्ट. “बाबा, आईला सरळ इकडेच आणा.”

“अगं, जळलेली कॉइल भोसरीला नवी तार भरायला दिलीय. उद्या लिफ्ट सुरू होतेय,” साहेबराव म्हणाले. आपल्या बिल्डिंगची व्यवस्था कोलमडली, हे जावयाच्या घरी जाऊन सांगायला त्यांना जड जात होतं. केसरबाईंना पुन्हा खुर्चीत बांधून सात मजले वर चढवलं. त्याला पाऊण तास लागला आणि नवनाथची कंबर धरली.

मंगळवारी संध्याकाळी भरलेली कॉइल बसवली. लिफ्ट दोन मजले चालली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि परत तोच वास. भरणाऱ्याने तार बारीक वापरली होती. आता नवीनच बनवायची. दहा दिवस.

बुधवारी केसरबाई उठल्याच नाहीत. “मी नाही येत.”

“असं करून चालतं का? चुकवायचं नसतं.”

“सगळ्यांच्या दारापुढून मला सामानासारखं नेता. मला लाज वाटायली. मरण आलं तरी चालंल, पण मला त्या खुर्चीत घालू नका.” आणि त्या रडायला लागल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात साहेबरावांनी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला, तोही अर्धा, कारण अख्ख्या दिवसाचा हिशेब अजून बाकी होता.

गुरुवारी पाय सुजले. शुक्रवारी पहाटे श्वास लागला, आडवं होता येईना. ॲम्ब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन आले, पण सोनचाफाच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नव्हतं. शेवटी तीच खुर्ची, तीच दोरी. या वेळी कोणत्याही मजल्यावरून सल्ला आला नाही. मिनलताई पाण्याची बाटली घेऊन खुर्चीमागे धावत आल्या आणि मध्येच आठवलं म्हणून थांबल्या. केसरबाईंना पाणी चालत नव्हतं.

आयसीयूच्या बाहेर बाकावर साहेबराव दोन दिवस बसून होते. कंबरेला पट्टा बांधून नवनाथ शेजारी येऊन बसला.

“काका, त्या दिवशी माझ्या तोंडाला कुलूप असतं तर...”

“तुझं काही नाही रे,” साहेबराव म्हणाले. “पेन माझं होतं.” आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. नवनाथने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

केसरबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचल्या. आठवड्याने मैत्री त्यांना थेट पिंपळे सौदागरला घेऊन गेली, आणि या वेळी तिने बाबांना विचारलं नाही.

दहाव्या दिवशी कॉइल आली, एक नाही, दोन. एक बसवली, लिफ्ट सुरू झाली. मीटिंगमध्ये एकमताने ठराव झाला, की दुसरी कॉइल कायम स्टोअरमध्ये ठेवावी, पहिल्या नंबरावर. कोणी हसलं नाही. साहेबरावांनी कप्पा पुसला, कॉइल ठेवली, कार्ड टांगलं. जागा करायला कप्पी सहा नंबरला गेली. मग त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि केसरबाईंना आणायला निघाले. वाटेत दोनदा बस बदलावी लागली आणि वाटभर ते एकच वाक्य मनात घोकत होते. चूक झाली माझी. तीनच शब्द. नवनाथला ‘पेन माझं होतं’ म्हणता आलं, तिला हे सांगायला काय हरकत?

केसरबाई गॅलरीत उन्हात बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण चेहऱ्यावरची सूज उतरली होती.

“लिफ्ट चालू झाली,” साहेबराव म्हणाले. “एक जास्तीची कॉइलपण ठेवलीय. पहिल्या नंबरावर.”

“तुम्ही ठेवली?”

इथे ते तीन शब्द यायला हवे होते. साहेबरावांनी तोंड उघडलं. “कमिटीचा ठराव झाला,” ते म्हणाले. “एकमताने.”

केसरबाईंनी मान हलवली, जणू त्यांना हेच ऐकायचं होतं. “मग मी इथंच बरी आहे. मैत्रीला बोलले मी. तिला चालतंय.”

“अगं, पण घर?”

“घर कुठं पळायलंय? तुम्ही आहात की तिथं.”

त्या उठल्या, भिंतीला धरत आत गेल्या आणि पिशवी घेऊन आल्या. पिशवीत दोरी होती, नीट गुंडाळलेली, टोकं आत खोचलेली. दोरीत ती चिठ्ठी अडकवली होती. हॉस्पिटलमध्ये, ॲम्ब्युलन्समध्ये, सगळीकडे त्यांनी ती सांभाळली होती.

“ही तुमची दोरी. चिठ्ठीवर ‘परत मिळाली’ म्हणून लिहा.”

“राहू दे गं आता.”

“राहू दे कसं? तुमचं रजिस्टर अडंल. मोजून घ्या.”

साहेबरावांना ओरडून सांगायचं होतं, की मला काही मोजायचं नाही. पण चौतीस वर्षांची सवय हातात असते, डोक्यात नसते. हाताने दोरी उलगडली आणि वीत वीत करत ते मोजत गेले. गॅलरीत, उन्हात, खाली मान घालून. केसरबाई समोर उभ्या राहून बघत होत्या.

दोरी अठरा फूट भरली. एक बोटभरही कमी नव्हती. त्यांनी निळं पेन काढून चिठ्ठीवर सही केली. मान वर केली तेव्हा केसरबाई आत गेल्या होत्या.